फाटलेला चहा

प्रिय डेन्झिल,

तुझे इतके मेसेज आले आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रुसलेय असं समजू नकोस, काय लिहावं तेच कळत नव्हतं. आज कागद घेऊन बसलेय. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. टाइप करायला गेले की मी फार शहाण्यासारखं लिहिते आणि मुख्य तेच राहून जातं. परवा बाजारात तुझी आई भेटली. ॲंजेला आंटींनी माझ्या पिशवीत केळी कोंबली आणि म्हणाल्या, “आमचा डेन्झिल श्रीलंकेत एकटाच, तुझ्याशी बोलतो ना गं?” मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांकडे काही बघवलं नाही.

त्या परदेशी संस्थेच्या शिष्यवृत्तीपासूनच सांगते. दोन देशांची तुलना करणाऱ्या पीएचडीच्या मुलांना क्षेत्रकामासाठी मिळते ती. विभागातून एकच नाव जाणार होतं. किनाऱ्यावरची विहीर खारी झाली की घरातली माणसं ते लपवतात का, आणि का लपवतात, हा माझा विषय. आपली वसई आणि श्रीलंकेचा किनारा. आपल्या गाइड सरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “क्षितिजा, हे फार घरगुती आहे. यात आंतरराष्ट्रीय असं काय आहे?” मी अर्ज घेऊन घरी आले. पुढच्या खेपेला सरांनी तुझं नाव पाठवलं आणि तुला शिष्यवृत्ती मिळाली. विषय काय, तर ‘किनारी समाज आणि पाणी’. एवढ्या मोठ्या नावाखाली काहीही मावतं. मी खोदून विचारलं नाही. तुमच्या घरी केक कापला तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या होत्या.

मग तू आमच्या गावात, निर्मळमध्ये मुलाखती घ्यायला लागलास. शेजारच्या हंसाकाकी एकदा कुंपणापाशी आईला म्हणाल्या, “पोरगा गोड बोलतो, पन विचारतो भलतंच. पानी खारं झालं ते कोनी लपवलं, म्हने.” मी आत भाजी निवडत होते. हात थांबला. आमची विहीर खारी झाली तेव्हा आईने ते गावापासून लपवलं होतं. डाळ शिजेना, तेव्हा तिला कळलं. बातमी फुटली तर वाडी विकायला काढली समजून दलाल दारात बसतील, या भीतीने ती पहाटे उठून लांबून पाणी आणायची आणि आमच्या विहिरीवर उगाच कळशी बुडवायची. हे मी फक्त तुला सांगितलं होतं, तळ्याच्या पायऱ्यांवर बसून. रडले होते, आठवतं?

त्यानंतर मी तुझ्यावर नजर ठेवायला लागले. मी आले की तू लॅपटॉप मिटायचास. आधीही मिटायचास का? मला आठवेना. माझ्या प्रबंधाचं कुठवर आलं हे तू विचारेनासा झालास. जायच्या आदल्या दिवशी तू आईच्या पाया पडलास आणि मला वाटलं, हा माफी मागतोय. खरंच तसं होतं की मीच सगळ्यात खोट शोधत होते, सांगता येत नाही. विमानतळावर येणार होते, आले नाही. ताप वगैरे काही नव्हता.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या एलिसाबाई पाहणीला आल्या. तू तिकडे, म्हणून सरांनी मला फोन केला. “तुझंच गाव आहे, दुभाषी म्हणून ये.” इतक्या सहज म्हणाले! हंसाकाकींच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, सगळ्यांना शहाळी दिली. एलिसाबाईंनी विचारलं, डेन्झिलचे प्रश्न तुम्हाला कसे वाटले? काकी हसायला लागल्या. “खाऱ्या पान्याने चहा फाटला तेव्हा सुनेला कळलं का, असं विचारत होता. आमच्याकडे कोनाचा चहा फाटला गं, क्षितिजा?”

डेन्झिल, चहा कुणाचाच फाटला नव्हता. अर्जात आईची ओळख पटू नये म्हणून मी डाळीच्या जागी चहा लिहिला होता आणि आईच्या जागी सून. तुला मी डाळ सांगितली होती. चहा फक्त अर्जात होता, आणि अर्ज फक्त सरांनी वाचला होता. मी सरांकडे बघितलं. ते शहाळ्यात तळाशी काही उरलंय का ते बघत होते.

खरं सांगू, पहिल्यांदा मला इतकं हलकं वाटलं! प्रश्न तू नेला नव्हतास, सरांनी तुझ्या हातात दिला होता. रिक्षात बसेपर्यंत ते सुख टिकलं. मग वाटलं, पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसून तू ती सगळी गोष्ट ऐकलीस. सरांनी प्रश्न दिले तेव्हा चहा वाचला असशील, सून वाचली असशील, पण लपवणं? ते कुणाचं, हे तुला कळलंच नाही?

काल मी एलिसाबाईंना भेटून सगळं सांगितलं. माझा अर्ज दाखवला. चौकशी होईपर्यंत तुझी शिष्यवृत्ती थांबवतील, सरांनाही विचारतील. शेवटी त्यांनी विचारलं, डेन्झिलला माहीत होतं का? माझ्या ओठांवर ‘नाही’ आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, मला माहीत नाही, त्यालाच विचारा. सोमवारी त्यांचा तुला फोन येईल. तो अचानक येऊ नये म्हणून हे पत्र. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी काही सुचवणार नाही. मला मात्र फोन करू नकोस. फोनवर तू हसतोस आणि मी लगेच विश्वास ठेवते. परत आलास की सरळ घरी ये आणि माझ्या समोर बसून सांग. आईला मी अजून काही बोललेले नाही.

तुझीच, निदान तू येईपर्यंत,
क्षितिजा