गाठीला सुई

पारोळा

प्यारी बेटी नाजमीन,

खूप दुआ. तुझे दिवस भरत आलेत, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फोनवर पित्त झालंय म्हणालो, ते खोटं. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना पोटाच्या फोटोत माझ्या स्वादुपिंडावर पाण्याची गाठ दिसली. अशी गाठ क्वचितच होते म्हणे. काही तशाच राहतात, काहींचा कॅन्सर होतो. माझी कोणती, ते फोटोवरून कळेना. तोंडातून नळी घालून, सुईने आतलं पाणी काढून तपासायचं. मी दोनदा पळून आलो. गाठीला सुई लागली की ती पसरते, असं मोहल्ल्यात सगळेच सांगतात.

काल बाई म्हणाल्या, "चाचा, जन्मभर गाद्या शिवल्या आणि एका सुईला घाबरता?"

"गादीला दुखत नाही, मॅडम."

"सुईने गाठ पसरते, हा गैरसमज आहे. बरं, जुन्या गादीत गाठ लागली, तर आतला कापूस सडलाय की नुसता गोळा झालाय, हे वरून दाबून सांगता?"

शिवण उसवून चिमूटभर कापूस काढल्याशिवाय मी कधी कोणाला काही सांगितलेलं नाही.

सोमवारच्या एसटीने जातोय. नळी घशात अडकली तर, भूल उतरलीच नाही तर, असं सारखं मनात येतं. तरी जाणार. सही करून आलोय.

तुझ्या बाळाची गादी भरून झाली. एक बाजू मुद्दाम उघडी ठेवलीय. तपासणीत काहीही निघो, ते टाके मीच घालणार.

तुझा अब्बा,
रमजान गादीवाला