तसदी देते आहे

४ एप्रिल
सूनबाई आज आल्या. मिनोरीचं नि माझ्या शुनसुकेचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या दारात बूट काढताना ती वाकून म्हणते, "ओजामाशिमासु." तसदी देते आहे! हे पाहुण्यांनी म्हणायचं. घरचं माणूस म्हणतं, "तादाइमा", आले गं! मागून शुनसुके तेच ओरडतो आणि सरळ फ्रिज उघडतो. एका दारातून एक मुलगा आला आणि एक पाहुणी.
ठरलं. ऑगस्टात पितरांचा सण आहे, तोवर तिच्या तोंडून "तादाइमा" वदवायचंच. मी मुळात मोकळ्या स्वभावाची. जड जाणार नाही.

७ एप्रिल
इत्सुकोचा सल्ला घेतला. कॉन्व्हेंटपासूनची मैत्रीण. तिनं विचारलं, दार उघडून तू काय म्हणतेस? मी म्हटलं, "गोकिगेन्यो", आपलं क्षेम असो, आपण शाळेत म्हणायचो तेच. धुकं असो, पाऊस असो, सिस्टर आन्येस फाटकाशी उभ्या असायच्या. येताना गोकिगेन्यो, जातानाही गोकिगेन्यो. अजून तो आवाज कानात आहे.
इत्सुको म्हणाली, "बये, त्या पोरीला वाटत असेल आपण राजवाड्यात आलो!"
फटकळ आहे. तिची सून तिला दारातूनच "काय म्हातारे, जेवलीस?" विचारते. हे काय भूषण आहे? (थोडा हेवा वाटला. अगदी थोडा.)

१८ एप्रिल
आठवडाभर आरशासमोर "काय गं, आलीस?" घोकलं. म्हणताना मान आपोआप झुकते. हनुवटी हातानं वर धरून म्हटलं, मग जमलं.
दुपारी दार उघडून तिच्यावर "काय गं!" असं ओरडले. बिचारीच्या हातून केकचा खोका पडला. "माफ करा आई, उशीर झाला का?" म्हणत आणखीच वाकली. शुनसुकेनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.
एकूण प्रगती आहे. चेपलेला केकही चमच्यानं खाता आला.

२ मे
चूक सापडली! घरात ज्याचा त्याचा भाताचा वाडगा ठरलेला असतो. मिनोरीला मी आजवर पाहुण्यांचाच देत आले. तो जास्त चांगला आहे म्हणून, दुसरं काही नाही.
आज तिच्यासाठी सशांची नक्षी असलेला खास वाडगा आणला. पुढ्यात ठेवून म्हटलं, "हा तुझा." तिचे डोळे भरून आले. माझेही. मग तिनं तो धुतला, पुसला, रुमालात छान बांधला आणि घरी घेऊन गेली.

४ मे
मिनोरीचं आभाराचं कार्ड आलं. अक्षर सुरेख. भाषा फारच आदराची.

६ जून
मध्ये दोन रविवार आली नाही. कामं असतील. फार मागे लागू नये. मोकळ्या नात्यात अंतरही लागतं.

१३ जून, संध्याकाळ
शुनसुके कामासाठी बाहेरगावी आणि मिनोरीला ताप. पेज करून डब्यात घेतली, बस पकडली. वाटेत काही घोकलं नाही. आजाऱ्याकडे जाताना असले विचार कुणाला सुचतात?
बेल वाजवली. आतून घसा बसलेला आवाज आला, "दार उघडंच आहे." आत पाऊल टाकलं, तर केस विस्कटलेली, चुरगळल्या पायजम्यातली मिनोरी भिंतीला टेकून उभी. हसून म्हणाली, "ओकाएरी, आई." आलीस का घरी!
हे फक्त घरच्या माणसाला म्हणतात. याला उत्तर एकच. शेंबडं पोरही देतं.
माझी मान झुकली. हात गुडघ्यांवर आले. आणि मी स्वच्छ, सुरेल आवाजात म्हणाले, "ओजामाशिमासु."
मिनोरी खोकेपर्यंत हसली. "बरं बाई! पाहुण्या आल्यात म्हटल्यावर चहा टाकायलाच हवा." आणि तापानं फणफणलेली पोर ओट्याशी जाऊन उभी राहिली.
मी पाय मुडपून, पाठ ताठ ठेवून बसले.
चहा छान झाला होता. दोन कप घेतले.