अठरा नारळ आणि एक जांभळी सायकल

१३ जानेवारी, मंगळवार
रविवारच्या ‘मुलींसाठी सायकल’ फेरीत नाव दिलं. जालना ते राजूर, फक्त पंचवीस किलोमीटर. एक सायकलस्वार, एक मुलगी. जी नवी सायकल आपण चालवत न्यायची, तीच राजूरला तिच्या हातात द्यायची. सायकल आणि सायकलस्वार बाराच्या आत पोहोचले नाहीत, तर सायकल ट्रकमधून परत आणि मुलगी पुढच्या वर्षापर्यंत पायी. नियम आमच्या मंडळाचे सचिव राधेश्यामकाका यांचे. ते सरकारी योजनांच्या टेबलावरून रिटायर झालेत.

माझ्या वाट्याला राजनंदिनी, इयत्ता आठवी. राजूरच्या अलीकडे पाच किलोमीटरवर वस्तीत राहते, शाळेत रोज चालत जाते. वाचून वाईट वाटलं. आता तिने निश्चिंत राहावं. उद्यापासून पहाटे पाचला प्रॅक्टिस. आज भोगी, म्हणून बाजरीच्या चार भाकरी लोण्यासह. शरीराला इंधन लागतं.

१४ जानेवारी
संक्रांत. सणाला व्यायाम करू नये असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

१६ जानेवारी
प्रॅक्टिस केली, मनातल्या मनात. मोठे खेळाडू असंच करतात म्हणे. सोफ्यावर डोळे मिटून चाळीस मिनिटांत राजूर गाठलं. दैवशालेने विचारलं की शेवटची सायकल कधी चालवली होती. मी म्हणालो, सायकल आणि पोहणं माणूस विसरत नाही. ती म्हणाली, पण तुम्हाला पोहता कुठं येतं. बायकोला क्रीडाक्षेत्रातलं कळत नाही.

१८ जानेवारी, रविवार
सकाळी ६.४०
सायकल जांभळी आहे. पुढे बास्केट, हँडलला झिरमिळ्या. आम्ही अठरा बाप्ये अशाच सायकलींवर. सगळ्यांत रुबाबदार मी.

७.५०
पहिलं गाव. गावकरी टॉवेल, टोपी, नारळ घेऊन रस्त्यावर उभे. बाकीचे सतरा जण हात हलवून निघून गेले. गावाचा नारळ नाकारणं म्हणजे गावाचा अपमान. मी थांबलो. दोन शब्द बोललो. दोन शब्दांना पंचवीस मिनिटं लागली.

९.०५
दुसरं गाव. इथं अठरा जणांसाठी अठरा सत्कार मांडून ठेवले होते. सतरा न थांबता गेल्याने त्यांचेही माझेच झाले. प्रत्येक वेळी नाव मात्र त्यांचं पुकारलं, हे खटकलं. अठरा टोप्या एकावर एक बसत नाहीत. सात बसतात.

पहिल्या गावचा नारळ मी तिथल्या सरपंचांकडेच विसरलो, म्हणून एकूण अठराच. बास्केटमध्ये अकरा, बाकीचे टॉवेलात बांधून हँडलला.

१०.२०
बास्केट वाकून पुढच्या चाकाला घासतंय. ब्रेकची गरज उरली नाही, हा फायदाच. ट्रक मागून हळूहळू येतोय. ड्रायव्हर सारखा हसतो. माणूस आनंदी दिसतो.

पाय दुखत नाहीत. फक्त हलत नाहीत.

११.१०
राजनंदिनीची वस्ती. ती वडिलांना, पुंजारामना घेऊन रस्त्यावर उभी होती. आधी सायकलकडे पाहिलं, बऱ्याच वेळाने माझ्याकडे. म्हणाली, काका, बाकीचे कव्हाचे गेल्ते, आम्हाला वाटलं आमची सायकल येतच न्हाई. मी सांगितलं की माझी स्ट्रॅटेजी शेवटच्या टप्प्यात वेग घेण्याची आहे. मग पाणी प्यायला खाली बसलो आणि पोटरीत असा गोळा आला की उठताच येईना.

पुंजाराम म्हणाले, जाऊ द्या साहेब, जिवापेक्षा सायकल मोठी न्हाई, ट्रकात बसा. ट्रक तर आलाच होता. ड्रायव्हर सायकल उचलायला खाली उतरला. राजनंदिनी झिरमिळ्या धरून उभी राहिली. मला लाज वाटली. एवढ्या सत्कारांत एकदाही वाटली नव्हती.

११.१८
राजनंदिनीने नारळ वडिलांच्या स्वाधीन केले, बास्केट ओढून सरळ केलं आणि मला म्हणाली, मागं बसा. मी म्हणालो, नियमात बसत नाही. ती म्हणाली, नियमाचा कागद पाठ हाय मला. सायकल आन् तुम्ही बाराच्या आत पोचायचं, कोणी चालवायची ते लिहेल न्हाई. मामाच्या सायकलीवर मी पेंडीचं पोतं आणत असते, तुम्हीबी बसा.

बसलो. पोत्यापेक्षा मी उपयोगी ठरलो. चढावर श्वास रोखून वजन कमी ठेवलं.

११.५६
राजूर. गणपतीच्या दर्शनाची रांगसुद्धा वळून बघत होती. वेळेत पोहोचलो. मार्गदर्शन माझं.

दुपारी १.१५
राधेश्यामकाकांनी प्रमाणपत्र भरलं. सायकलस्वार: राजनंदिनी. लाभार्थी: सोमेश्वर, म्हणजे मी. मी हसलो. काका हसले नाहीत. म्हणाले, जे डोळ्यांनी पाह्यलं तेच लिहीन, छत्तीस वर्षं तेच केलं. म्हणजे सायकल माझी.

मी म्हणालो, मग मी ती राजनंदिनीला देतो. काकांनी नियम क्रमांक नऊ दाखवला. लाभार्थ्याला तीन वर्षं सायकल विकता, बदलता किंवा देता येत नाही. फक्त वापरायला देता येते, आणि दर तीन महिन्यांनी लाभार्थ्याने सायकलीसह राजूरला तपासणीस हजर राहायचं.

एवढं सगळं होईपर्यंत राजनंदिनीने हँडल सोडलं नव्हतं. काकांनी बोट ठेवलं तिथं तिथं मी सह्या केल्या. एरवी मी वाचल्याशिवाय सही करत नाही. सायकल तिचीच आहे. कागद काही म्हणो.

१९ जानेवारी
रजा टाकली. दैवशालेने पाय शेकून दिले आणि सायकल कुठाय विचारलं. वापरायला दिली म्हणालो. पहिली तपासणी अठरा एप्रिलला. त्या दिवशी वस्तीवरून राजूरपर्यंत सायकल स्वतः चालवत न्यायची, असा पक्का निश्चय केला.

संध्याकाळी पुंजारामच्या मोबाइलवरून राजनंदिनीचा फोन आला. आज शाळेत पंधरा मिनिटांत पोचली म्हणे. मग म्हणाली, काका, एप्रिलात ऊन लई असतं. तुम्ही एसटीनं वस्तीपर्यंत या, तिथून मी नेते बराबर. फक्त तवर जरा कमी जेवा.

हो म्हणालो.