केटल ओढ्याची नोंदवही

४ एप्रिल, शुक्रवार

पोचले! आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, म्हणून बाबांनी त्यांची जुनी हिरवी गाडी मला देऊन टाकली. सुरू होताना ती तीनदा खोकते आणि मग धावते. "जंगल राखायला कॉलेज कशाला लागतं गं, ब्रॉनी?" असं म्हणत होते, पण डोळे पुसत होते.

आजपासून मी इथली रेंजर. वाट एकच, साडेचार किलोमीटरची फेरी: उंच निलगिरींतून चढायचं, नेच्यांच्या दरीत उतरायचं, ओढ्याच्या काठाकाठानं यायचं, एकुलता एक पूल ओलांडायचा की पुन्हा तोच वाहनतळ. वाटेच्या तोंडाशी बाहेरची रोगट माती आत जाऊ नये म्हणून बूट घासायचा ब्रश आहे आणि पत्र्याच्या पेटीत नोंदवही. जाताना नाव आणि वेळ लिहायची, परतल्यावर पुन्हा वेळ. ज्याच्या नावापुढं परतीची वेळ नाही त्याला शोधायला निघायचं. इतका साधा नियम, पण त्यावर जीव तरतात.

ग्लेनिस आणि नेव्हिल, दोघंही सत्तरीपलीकडचे, रोज फुकट येऊन तण उपटतात. नेव्हिलनं थर्मासमधला चहा दिला आणि वर बजावलं, "जळवांपासून जप. शिकलेलं रक्त गोड लागतं त्यांना." दरीत एक लायरबर्ड ओरडत होता. हा पक्षी ऐकेल त्याची नक्कल करतो. आधी नेव्हिलच्या करवतीचा आवाज झाला, मग रानात एकमेकांना शोधताना देतात ती हाक: कूऽऽई. अगदी बाईच्या आवाजात.

८ एप्रिल

वहीत रोज एक नाव असतं. डॉट हॅलोरन, सकाळी ९:१०. पेन्सिलीनं, गोल अक्षरात. परतीची वेळ मात्र दुसऱ्याच हातची, तिरकी, सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ. ग्लेनिसची. विचारलं तर म्हणाली, "ती विसरते गं. आम्ही लिहून टाकतो." कोण ही, कशी दिसते? "येते-जाते." नेव्हिल अचानक बूट घासू लागला. त्याचे बूट स्वच्छच होते.

११ एप्रिल

साडेआठला वही पाहिली, पान कोरं होतं. दहापर्यंत गाडीत बसून पेटीवर डोळा ठेवला. कुणी आलं नाही. दहाला वही उघडली: डॉट हॅलोरन, ९:१०.

हे दोघं मला खेळवताहेत. नव्या पोरीची गंमत. की काही लपवताहेत?

कचेरीतल्या जुन्या वह्या काढल्या. डॉटचं नाव पहिल्यांदा येतं २२ मे १९८७ला. गेली ९:१०. परतली ४:२७. सातला आडवी रेघ.

१४ एप्रिल

ग्लेनिसला जुनं पान दाखवलं. सातावरच्या रेघेवर तिनं बोट ठेवलं. म्हणाली, त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता, वहीत एकच जागा रिकामी होती. बाई विसरून घरी गेली असेल असं वाटलं, म्हणून तिनं वेळ भरून वही नीट बंद केली. मग शोधणार कोण? चौथ्या दिवशी डॉटच्या बहिणीचा फोन आला, तोवर उशीर झाला होता. डॉट सापडलीच नाही.

"तेव्हापासून रोज मीच तिला बाहेर काढते," ग्लेनिस म्हणाली. "नाहीतर ती बाहेर यायची दुसरी तोड काढेल."

"पुरे आता, ग्लेन. चहा घे," नेव्हिल म्हणाला.

मला वाईट वाटलं, पण विश्वास बसला नाही. अडतीस वर्षं खोट्या नोंदी! त्यांत उद्या खराखुरा हरवलेला माणूस बुडून जाईल. मी पेटीवर सूचना लावली: प्रत्येकानं आपली वेळ आपणच लिहायची. दुसऱ्याच्या नावापुढं कुणीही लिहायचं नाही. वेळ लिहिलेली म्हणजे माणूस परतला.

ग्लेनिसनं माझा दंड धरला. "नको गं पोरी, असं नको करूस."

१५ एप्रिल

डॉट हॅलोरन, ९:१०. संध्याकाळी पुढची जागा रिकामी. ग्लेनिस पेटीपाशी उभी राहिली, पेन काढलं, पुन्हा खिशात घातलं.

१६ एप्रिल

आज तिचं नाव नवं लिहिलेलं नाही. बरोबरच आहे. जी बाहेर आली नाही ती आत कशी जाईल?

काय लिहितेय मी.

नियम माझाच. जागा रिकामी, तर शोधायला हवं. १०:०५ला नाव लिहून निघाले. ही डायरी खिशात आहे.

ओढ्याकाठी. चिखलात बाईच्या बुटांचे ठसे, ताजे. मी चालतेय त्याच दिशेनं जाणारे.

पूल ओलांडला. आता दहा मिनिटांत वाहनतळ.

पुन्हा निलगिरी. पुन्हा दरी. मी वळलेच नव्हते.

पूल. वाटेवर पूल एकच आहे. मी तिसऱ्यांदा ओलांडला.

कूऽऽई. मागून, अगदी जवळून. लायरबर्ड आहे. लायरबर्डच—

ठसे आता नाहीत. माझेही नाहीत.

नेच्यांतून वाहनतळ दिसतोय! तीस पावलांवर. चालतेय, पण तीस पावलं तीसच राहतात. ग्लेनिस वही वाचतेय. सगळं ऐकू येतं.

"परतली की ब्रॉनी. चार सत्तावीस. स्वतःच लिहिलंय बघ."

"कॉलेजवालीचं अक्षर कसं गोल आहे," नेव्हिल म्हणाला.

मी लिहिलेलं नाही. मी किंचाळले. दोघांनी वर पाहिलं.

"लायरबर्ड," नेव्हिल म्हणाला.

ग्लेनिस सूचना पुन्हा वाचतेय. बोट फिरवून. वेळ लिहिलेली म्हणजे— मान हलवली. वही बंद केली.

आता कुणाकडे तरी बघून हात हलवतेय. हिरव्या गाडीकडे.

गाडी खोकली. एकदा.

किल्ली माझ्या खिशात आहे. मुठीत आहे. दोनदा. बाबा, ती मी नाही, दार उघडू नका, ती—