आईच्या घड्याळातला लाल काटा

फ्लरिए, बुधवार, १३ मार्च १९९१

प्रिय आर्मां,

तुझी दोन पत्रं माझ्या खणात पडून आहेत, एक जानेवारीतलं आणि एक गेल्या महिन्यातलं. दोन्हींना मी उत्तर दिलं नाही. 'उशीर झाला, माफ कर' असं लिहायला बसले होते, पण ते खोडलं. निघालेल्या माणसाला उशीर होतो. मी तर निघालेच नव्हते, हातात पेन असूनही. एवढे दिवस गप्प राहिल्याबद्दल माफी मागते ती वेगळी, आणि ती का मागते हे खाली येईल. कृपा करून पत्र मधेच ठेवू नकोस.

आधी आईचं. तिचं हृदय आता थकलंय. पाय सुजतात, जिन्यावर दोनदा थांबते आणि थांबल्यावर भिंतीवरच्या चित्राकडे बघत असल्याचं सोंग करते. डॉक्टरांना मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते टोपी घालत म्हणाले, "ती उन्हाळा बघेल असं मी म्हणणार नाही. मुलगा कुठे असतो तुमचा? मुलगा म्हणजे भाऊ. बोलावून घ्या." मी "हो" म्हटलं. त्याला तीन आठवडे झाले. आणि तू लिहिलंयस की ईस्टरचं तिकीट रद्द केलं. ज्या घराला तुझ्याशी फोनवरही बोलायचं नाही, त्या घरात येऊन तू कोणाच्या हातची कॉफी पिणार, असं विचारलंयस. ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता तुझ्या आवाजात ऐकू येत नाही, माझ्याच आवाजात येतं.

आईचं ते मोठं घड्याळ तुला आठवत असेलच. विमानातल्या लोकांसाठी कारखान्यानं काढलेली ती मालिका. इथली वेळ दाखवणारे काटे, आणि शिवाय चोवीस तासांत एक फेरी घालणारा लाल काटा, दुसऱ्या देशाची वेळ दाखवायला. त्या मालिकेतल्या कितीतरी घड्याळांची केसाएवढी बारीक स्प्रिंग आईनं चिमट्यानं वाकवून वळणावर आणली. अठ्ठ्याहत्तर साली कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तिनं त्यातलंच एक घेतलं. पुरुषी, जाडजूड, तिच्या मनगटावर घसरणारं. जन्मात शेजारच्या पाँतार्लिए गावापलीकडे न गेलेली बाई! खालच्या मजल्यावरच्या मादाम कालाम अजून विचारतात, "काय गं ब्लुएत, आज कुठलं विमान हाकतेस?"

त्याच वर्षी तू गेलास. जाताना स्वयंपाकघरात उभा राहून म्हणालास, "आई, हे सगळं मेलंय, फक्त कुणी पुरलं नाही." बॅटरीवरच्या घड्याळांनी आपली घड्याळजींची खोरी रिकामी केली हे खरंच होतं, पण तिच्या हातात तेव्हा चिमटा होता. पहिल्या वर्षी तू फोन करायचास आणि ती ठेवून द्यायची. मग तिनं नियम केला: "जो गेला त्यानं वाट बघायची. मी करीन फोन." दर गुरुवारी, तुझ्या सकाळी साडेसहाला, तू सातला बंदरावर कामाला निघायच्या आत. बारा वर्षं तो लाल काटा व्हँकूवरची वेळ दाखवत राहिला. आपल्या वेळेतून नऊ तास वजा करून हिशोब करणारे लोक तिला आवडत नसत. वजाबाकी करायची ती घड्याळ नसणाऱ्यांनी, असं तिचं म्हणणं.

तुला हे माहीत नसेल: गुरुवारी ती कानात घालायची. फोनवर बोलायला! मोती, आणि थोडी पावडर. मग रात्रीच्या जेवणाला तुझंच. आर्मांच्या जहाजाचं होकायंत्र, आर्मांच्या शेजाऱ्याचं कुत्रं. मी केलेलं सूप गार होऊन त्यावर साय धरायची. मी पंचेचाळीस वर्षांची बाई आहे. न्यूशातेलला पदवी घेतली, आणि मग तिचे डोळे अधू व्हायला लागले म्हणून परत येऊन तिच्याच टेबलावर हे काम शिकले, आणि त्याची तक्रार मी कधी केली नाही. नाही, हे खोटं. बोलून केली नाही. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी तू माझ्याबद्दल विचारलं असशील, कारण ती फोनवर म्हणाली, "जोझियान? ती काय, इथेच असते." एवढंच. बोलण्यात काही दुष्टपणा नव्हता. टेबल कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं. ते मी वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट, पुढे काहीही न लिहिता.

आता जे झालं ते नीट क्रमानं लिहिते. तिला समोरचं दिसत नाही आताशा, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघावं लागतं, म्हणून गेल्या वर्षापासून घड्याळ लावायचं काम माझ्याकडे आलं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे झाली. तुमच्याकडची महिन्यानं होतात. चावी पूर्ण बाहेर ओढली की सगळे काटे एकत्र फिरतात. अर्धी ओढली की एकटा लाल काटा, तासातासाच्या उडीनं. मी पूर्ण ओढून सगळं एक तास मागे नेलं. मग अर्धी ओढून लाल काटा परत एक तास पुढे आणायला हवा होता, कारण तुझ्याकडे काहीच बदललं नव्हतं. ते मी विसरले. खरंच विसरले, आर्मां. इतपत माझ्यावर विश्वास ठेव, कारण पुढच्याबद्दल ठेवायची गरज नाही.

त्या गुरुवारी तिनं लाल काट्यावर साडेसहा बघून फोन लावला. तेव्हा तुझ्याकडे साडेसात वाजले होते. रिकाम्या घरात घंटा वाजत राहिली. तिनं वीस मोजल्या, मोठ्यानं, आणि रिसीव्हर ठेवला. "बाहेर गेला असेल." मी भांडी विसळत होते. हात पाण्यात असतानाच माझ्या लक्षात आलं काय झालंय ते. मला फक्त हात पुसून म्हणायचं होतं, "आई, माझी चूक झाली." मी भांडी विसळली. मग पुसली. मग कपाटात लावली. आणि जेवताना ती पहिल्यांदा कितीतरी वर्षांनी म्हणाली, "सूप छान झालंय गं."

ती चूक आपोआप मिटली असती, हेच मला सगळ्यात जास्त खातं. चार आठवड्यांनी तुमची घड्याळं मागे गेली आणि लाल काटा, कुणी हात न लावता, पुन्हा अगदी बरोबर आला. त्या रविवारी आई कॉफीत पाव बुडवत म्हणाली, "आज तिकडचीही मागे जातात ना? लाल काटा एक तास मागे घे." मी घड्याळ हातात घेतलं. तो बरोबर आहे हे मला माहीत होतं. चावी अर्धी ओढली आणि एक उडी मागे नेला. टक्. एवढाच आवाज. तिनं नेहमीसारखे रेडिओवरच्या वेळेशी मिनिटं आणि सेकंद जुळवून बघितले, ते चोख होते, आणि म्हणाली, "तुझा हात आता माझ्यासारखा व्हायला लागला."

नोव्हेंबरात मी सुखी होते. हे लिहिताना मी थांबले, खिडकीतून बाहेर बघून आले, पण दुसरा शब्द सापडत नाही. गुरुवारी संध्याकाळी तिनं मला स्प्रिंगचं शेवटचं वळण शिकवायला घेतलं, डोळ्यांनी नाही, बोटांनी. माझ्या हातावर हात ठेवून म्हणायची, "दाबू नकोस. विचार तिला." मी वाट बघायचे त्या संध्याकाळची. आणि त्याआधी, दुपारी साडेचारला, ती फोनपाशी बसून वीस मोजायची. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच खोलीत. डिसेंबरात कानात घालणं बंद झालं, मग मोजणं दहावर आलं, मग फोन करणंच थांबलं. मादाम कालामनी विचारलं तर म्हणाली, "मोठा झाला तो. कामं असतात." सत्तेचाळीस वर्षांच्या तुला!

नाताळात तू नियम मोडून फोन केलास तो मी घेतला. मी म्हटलं आई झोपलीय. ती माझ्यापासून चार हातांवर अक्रोड फोडत होती. "कोण गं?" "चुकून लागला." आणि जानेवारीतलं तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, बर्फ, बंदर, तुझी पाठदुखी, सगळं. फक्त 'मी दर गुरुवारी सहापासून सातपर्यंत फोनजवळ बसतो, आईनं काही ठरवलंय का ते सांग' ही ओळ गाळली. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." तिनं पत्र मागून घेतलं आणि वाचता न येणारा कागद बराच वेळ धरून बसली. तिला अक्षरं दिसत नाहीत, पण किती ओळी आहेत ते दिसतं. त्या दिवशी तिला काही कळलं का, मला माहीत नाही. कळलं असेल तर तिनं मला वाचवलं, आणि नसेल तर मी तिला फसवलं. यातलं कुठलं बरं, याचा विचार मी दोन महिने करतेय आणि दोन्हीत मीच मधे उभी आहे.

आज दुपारी मादाम कालाम कॉफीला वर आल्या होत्या. आईनं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "तो लाल काटा काढून टाक. उगाच फिरतोय." मादाम कालाम हसल्या, "का गं, विमान विकलंस?" आई म्हणाली, "प्रवासी उतरला." मी म्हटलं, उद्या बघू. "आत्ता," ती म्हणाली, "मी बघते." ती काय बघणार! पण मान वाकडी करून बसून राहिली. मी झाकण उघडलं, वरचे काटे काढले, लाल काट्याखाली चिमटा घातला आणि तोही उचलला. मग बाकीचे परत बसवले. घड्याळ चालतच होतं, आधीसारखंच. "निघाला?" "निघाला." "फरक पडला का काही?" मी म्हटलं, नाही. तिनं घड्याळ बांधून घेतलं. मादाम कालाम गेल्यावर थोड्या वेळानं बघितलं तर सवयीनं तिनं हात वर उचलला होता, मान वळवली होती, तुझी वेळ शोधत होती. मग बाही खाली ओढली.

लाल काटा माझ्यासमोर कागदावर आहे आणि तुला लिहायला बसायच्या आधी मी एक बेत केला होता, तोही सांगते. काटा आजच परत बसवायचा, यावेळी बरोबर. उद्या गुरुवार. साडेतीनला मी म्हणायचं, "आई, एकदा शेवटचा करून बघ ना," आणि तू पहिल्या घंटेला उचलला असतास. तुला वाटलं असतं तिनं माघार घेतली, तिला वाटलं असतं तू घेतलीस, दोघांनी एकमेकांना माफ केलं असतं आणि मी कॉफी ओतत उभी राहिले असते, मध्यस्थ म्हणून. मादाम कालाम म्हणाल्या असत्या, मुलगी असावी तर अशी. इतकं सोपं होतं ते की मला हलकं वाटायला लागलं, आणि त्या हलकेपणाचीच मला भीती वाटली. म्हणून हे पत्र. ते सकाळी पोस्टात पडलं की मला मागे फिरता येणार नाही. तुझ्यापर्यंत पोचायला आठवडा लागेल. तोवर तुमचं बोलणं झालेलं असेल किंवा नसेल, ते आता तिच्यावर आहे. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण तिकीट काढ. तिनं कधीच फोन थांबवला नव्हता, आर्मां. ती चुकीच्या तासाला तुला बोलावत होती, आणि तो तास मी तिच्या मनगटावर बांधला होता.

तुझीच बहीण (खोडावंसं वाटलं तर खोड),
जोझियान

उद्या: पोस्टातून परत आल्यावर, अंगातला कोट काढायच्या आधी, आईला हे सगळं सांगणे.