न फुटलेल्या मालाची हकीकत

औरंगाबाद,
१२ जानेवारी १९८४

सौ. आवडाचा नमस्कार. पाकिटावर तुमचं नाव लिहावं लागलं तेवढं पुरे, इथं आत पुन्हा लिहीत नाही.

तुमचं पत्र पोचलं. 'मी खुशाल आहे, तुम्ही सर्व खुशाल असाल, आईस नमस्कार, काळजी नसावी.' बहारीनहून समुद्र ओलांडून विमानानं पत्र यावं आणि त्यात एवढंच असावं. हवामानाच्या बातम्यांत याहून जास्त सांगतात. रागानं लिहीत नाही. मला ठाऊक आहे, पत्र आलं की आत्याबाई अंगणात बसून घेतात, शेजारच्या आशाबाई निवडायचं सूप घेऊन येतात, आणि लेकाचं पत्र मला मोठ्यानं वाचावं लागतं. एवढ्या लोकांसमोर माणूस लिहून लिहून काय लिहिणार?

दोन दिवसांवर संक्रांत आहे. गोड बोला म्हणायची पद्धत आहे, पण त्यासाठी आधी बोलावं लागतं.

आत्याबाईंचा गुडघा थंडीनं धरतो, बाकी बऱ्या आहेत. चिकलठाण्याला आपल्या ओतकामाच्या कारखान्यात मी रोज सकाळी जाते. शेडचे नवे पत्रे चढले, आता फक्त मागची भिंत राहिली. ज्या शेडसाठी तुम्ही परदेशी गेलात ते उभं राहिलंय आणि तुम्ही ते अजून पाहिलेलं नाही, हे एक माझ्या मनात येत राहतं.

आता कामाचं. वैजापूरच्या जिनिंगवाल्यांची मोठी पुली ओतली, ती फुटली. साच्यातून काढली तेव्हा दिसायला चांगली होती. साचा कमरोद्दीनभाईंनीच घातलेला, त्यांनी हातोडीनं वाजवली तर बद्द वाजली. बघितलं तर दोन आऱ्यांना तडा. वितळवून पुन्हा ओतली, पुन्हा तेच. भाईंनी दिवसभर तोंडात पान घातलं नाही, यावरून काय ते समजा. म्हणाले, "मालक कू लिखो भाभी. मेरे हात से गलती नै हुई. ये थंडा होते वख्त फूट रई."

इतकी मोठी पुली तुम्ही होता तोवर तुम्हीच ओतायचात, त्यामुळं भाईंनाही अंदाज नाही. काय करायचं ते लिहा. जिनिंगवाले थांबणार नाहीत.

आपली,
सौ. आवडा


औरंगाबाद,
२७ फेब्रुवारी १९८४

सौ. आवडाचा नमस्कार.

तुमचं पत्र बघून पोस्टमनसुद्धा म्हणाला, या वेळी पाकीट जाड आहे. पानं पाठपोट भरलेली, मध्ये पुलीचं चित्र, बाण काढलेले. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याशी एवढं बोलला नव्हता.

अंगणात वाचायला घेतलं. खुशाली संपली आणि वाळू सुरू झाली तशा आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "समदं लोखंडाचंच लिव्हलंय व्हय? मंग मला काय करायचंय त्याचं." आशाबाईही सूप घेऊन गेल्या. राहिले मी एकटी आणि तुमचं पत्र.

तुम्ही लिहिलंत ते मला लगेच पटलं. पुलीचा काठ पातळ, तो आधी थिजतो. मधला तुंबा जाड, तो मागं राहतो. काठ घट्ट झाल्यावर तुंबा आकसायला लागतो आणि आऱ्यांना आत ओढतो. बाहेर काठ सोडत नाही, आत तुंबा ओढतो, मग आरा तुटणार नाही तर काय होईल? म्हणून तुंब्यावरची वाळू आधी उकरायची, त्याला हवा लागू द्यायची, आणि काठ मात्र झाकून ठेवायचा, म्हणजे दोघं बरोबरीनं थंड होतील.

आणि त्याच ओळीला लागून तुम्ही लिहिलंय, 'काठ झाकलेलाच राहू दे, घाईनं उघडू नका. तू पायावर गोधडी घेतेस ना? इथं खोलीत गार हवेचं यंत्र आहे. कंपनीचं ब्लँकेट जाड आहे पण त्याला आपल्या घरचा वास नाही.' पुढच्या ओळीत परत वाळूत किती पाणी घालायचं ते. मी तिथं थांबले. आधी वाटलं चुकून लिहिलं गेलं असेल. मग पुढच्या पानावर रायझरच्या, म्हणजे साच्यावर जास्तीचं लोखंड भरायच्या त्या नळकांड्याच्या, मापाखाली माझ्या खोकल्याची चौकशी निघाली. तेव्हा कळलं, हे चुकून नाही. लोखंडाच्या आडोशाला बसून तुम्ही माझ्याशी बोलताय.

भाईंना मी वाळूचं तेवढं वाचून दाखवलं, बाकीचं गिळलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. ओतल्यावर तुंबा उघडा केला, काठावर आणखी वाळू ओढली, आणि साच्याला हात लावू दिला नाही कुणाला. जिनिंगवाल्यांचा माणूस ताटकळत बसला होता, त्यालाही भाईंनी बाहेर चहाला पाठवलं. वाळूवर हात ठेवता येऊ लागला तेव्हाच साचा मोडला. पुली घंटेसारखी वाजली. वैजापूरला गेलीसुद्धा.

पण आता दुसरी अडचण आली आहे. पंपाची बॉडी. वरून गुळगुळीत, आणि लेथवर चढवली की आत पोकळ निघते. जाड भागातच होतं असं. का होतं, काय करायचं, सगळं लिहा. थोडक्यात लिहू नका, थोडक्यात लिहिलेलं मला समजत नाही. भाईंना वेगळं पत्र घालून विचारू नका, त्यांना वाईट वाटेल.

दौलताबादहून तुमच्या मावशीनं पेरू पाठवले होते. आत्याबाईंनी त्यातले दोन तुमच्या नावानं बाजूला ठेवले, आणि ते पिकून मऊ पडल्यावर मला खायला लावले.

आपली,
सौ. आवडा


औरंगाबाद,
१५ एप्रिल १९८४

सौ. आवडाचा नमस्कार.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जे लिहिते ते फाडणार नाही.

तुमची मधली दोन्ही पत्रं मिळाली. पंपाच्या बॉडीसाठी लिहिलंत की जाड भाग सगळ्यात शेवटी थिजतो, आणि आकसताना त्याला बाहेरून लोखंडाचा रस मिळाला नाही तर आत भोक पडतं. म्हणून त्याच्या डोक्यावर मोठा रायझर ठेवायचा, त्यात जास्तीचं लोखंड भरायचं, आणि ते लवकर गार होऊ नये म्हणून वरून भाताच्या तुसाची राख पसरायची. त्याच पानावर लिहिलंत की संध्याकाळी गोदीवरून परतताना तुम्हाला उगाच वाटतं, दार मी उघडीन. नंतर मी रसवंतीच्या चरकाचं चाक फुटल्याचं लिहिलं, तर तुम्ही कोअरच्या वाळूत लाकडाचा भुसा मिसळायला सांगितलंत. चाकाच्या भोकात ठेवलेला तो वाळूचा गाभा फार कडक राहिला तर आकसणाऱ्या लोखंडाला जागा मिळत नाही, आणि भुसा जळून गेला की तो गाभा दबतो. आणि त्याखाली लिहिलंत, 'माणसानंही थोडं दबावं. मी निघताना तू रडलीस आणि मी उगाच ओरडलो.' ही ओळ मला पाठ आहे.

आता तुमचं शेवटचं पत्र. कंपनी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही मागते आहे. तुम्ही लिहिता, 'आधी पुली, मग पंप, मग चाक. एवढा माल खराब होत असेल तर कमरोद्दीनची नजर गेली असावी. त्याला मानानं घरी बसव आणि नवा मोल्डर ठेव. ते तुझ्यानं होत नसेल तर मी सही करत नाही, येतो. कारखाना बुडवून इथं राहण्यात अर्थ नाही. तू लिहिशील तसं करीन.'

'येतो' वाचलं आणि मी उठून उभी राहिले. आत्याबाई विचारायला लागल्या, काय झालं ग, तर मी चुलीकडं गेले. त्या दिवशी भाकरी करपल्या आणि ते कुणी बोलून दाखवलं नाही.

भाईंची ओळ मी नंतर नीट वाचली.

दुसऱ्या दिवशी शेडवर चहाच्या वेळी भाई नेहमीसारखे समोर येऊन बसले. तुमचं पत्र आलं की त्यांना ऐकायचं असतं. मी खुशाली वाचली, कंपनीचं वाचलं, आणि थांबले.

"आगे क्या लिखे मालक?"

"तुम्हाला सलाम लिहिलाय."

"सलाम लिखने कू इत्ती जगा नै लगती, भाभी."

ते उठले. रसवंतीवाल्याला द्यायचं चाक तयार होतं, ते त्यांनी साखळीनं वाशाला टांगलं आणि हातोडी मारली. सगळ्या शेडमध्ये आवाज भरला आणि किती तरी वेळ राहिला. "इसमें क्या खराबी है, तुम बोलो," ते म्हणाले. "मालक हर खत में मेरेकू समझा रे. पंप में छेद, चाक में क्रॅक. मैं सुन लेता. पर वो पंप किधर है, वो चाक किधर है? मैं तो देखाच नै."

मग मला सांगावंच लागलं. जे त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. पुली खरोखर फुटली होती. पंप फुटला नाही. त्यात भोक नव्हतं. चाक पहिल्याच ओताईला चांगलं निघालं. पुलीनंतर या कारखान्यातला एकही नग खराब झालेला नाही. मी खोटं लिहिलं. तुम्ही लोखंडाबद्दल विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि लोखंडाबद्दल बोलताना मात्र मध्येच माझी आठवण काढता. तेवढ्या ओळींसाठी मी चांगला माल फुटका करत राहिले. त्यात एका माणसाची आयुष्यभराची कारागिरी बदनाम होतेय हे मला दिसत होतं. मी ते न दिसल्यासारखं केलं.

भाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हातोडी खाली ठेवली, खिशातून पानाची पुडी काढली, आणि म्हणाले, "तो फिर सीधा लिखो ना भाभी. लोहे का नाम कायकू खराब करते?"

नंतर स्वतःशीच हसत होते. आता प्रत्येक पंपावर ते तुमच्या मापाचा रायझर ठेवतात आणि राख पसरतात. न झालेल्या रोगावर तुम्ही दिलेलं औषध इथं चालू आहे, आणि त्यानं माल आणखी चांगला निघतो असं ते सगळ्यांना सांगतात. त्यांची नजर तुमच्या-माझ्याहून चांगली आहे. त्यांना घरी बसवायचं पुन्हा लिहू नका. तुम्ही आलात की त्यांच्याजवळ माफीचे दोन शब्द बोलाल, पण तेही माझ्या चुकीसाठी, म्हणून आधी मीच बोलले आहे.

आत्याबाईंना काल सगळं सांगितलं. मला वाटलं आता बोलणी बसतील. त्या बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या त्याच्या बापाला परगावी असताना साधा निरोप धाडला नाय कधी. लाज वाटायची. तू लिव्हतीस तर नीट लिव्ह."

म्हणून नीट लिहिते.

भिंत पूर्ण झाली. भट्टी चांगली चालते. चरकाची मागणी उन्हाळाभर पुरेल एवढी आहे. वाळूजकडं जमिनींची मोजणी चालू आहे, तिकडं मोठे कारखाने आले की आपल्याला आणखी काम मिळेल असं भाई म्हणतात. आत्याबाईंना औषध मिळतं. खोकला गेला. हे सगळं खरं आहे, हवं तर कुणाकडूनही खात्री करून घ्या.

ही बातमी वाचून तुम्हाला बिनघोर सही करता येईल. म्हणूनच माझा हात उचलत नव्हता. आणखी एक चाक फोडलं असतं तर तुम्ही पुढच्या महिन्यात दारात उभे राहिला असता, हे मला कळत होतं. पहिल्या फाडलेल्या कागदावर तसंच लिहिलं होतं. पण मग तुम्ही कारखान्यासाठी आला असता. दोन दिवसांत सगळं ठीक आहे बघून तुमच्या मनात आलं असतं की उगाच आलो. त्यापेक्षा न आलेले बरे, असं एकदा वाटलं, आणि मग वाटलं की तेही खोटंच आहे, मला तुम्ही कसेही आलेले चालाल.

तुम्ही लिहिलंत, तू लिहिशील तसं करीन. तर लिहिते. कारखान्यात तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. माझं अडलंय. संध्याकाळी दार लावताना अडतं, जेवायला दोनच ताटं मांडताना अडतं, तुमचा सदरा धुऊन पुन्हा घडी घालून ठेवताना अडतं, जो कुणी घातलेलाच नसतो. याला काही उपाय तुम्हाला कागदावर लिहून पाठवता येणार नाही. चित्र काढून, बाण काढून तर मुळीच नाही.

सही करू नका. घरी या.

वाट बघून कंटाळलेली, तरी तुमचीच,
आवडा