मास्तरांचं जांभळं झाड

रविवार, ३ मार्च

चूक माझी. आधी तेवढं लिहून टाकते, म्हणजे पुढे सारवासारव करायला जागा उरणार नाही.

माझी हिरव्या रंगाची नळी वाळून खडा झाली होती. मास्तरांच्या पेटीतली घेतली. त्यांच्या बारा नळ्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दर रविवारी ओळीने लावून देतात, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, प्रत्येकीची खाच ठरलेली. घाईघाईत परत ठेवताना हिरवी जांभळीच्या खाचेत गेली आणि जांभळी हिरवीच्या. एवढंच!

वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमच्या चित्रमंडळाचे आम्ही नऊ जण खिडकीबाहेरचं झाड काढत होतो. नऊ हौशी माणसांनी एकच झाड काढलं की नऊ प्रकारचे कोबी तयार होतात. मास्तरांचं मात्र झाडच होतं. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला हात तो. खोड खरं, फांद्या खऱ्या, आणि पानं जांभळी. गच्च जांभळी!

दोन पावलं मागे सरून ते स्वतःशीच पुटपुटले, "हिरवा जरा जास्त झाला का?"

मी शेजारी होते म्हणून ऐकू आलं. हातातला ब्रश तसाच राहिला.

आमच्यातले दंतवैद्य धावत आले. "वा मास्तर! काय धाडस! काय रंग!" पाठोपाठ सगळे वा वा करायला लागले. महिनाअखेरीला आमचं पहिलं प्रदर्शन आहे, तिथे हेच दारात लावायचं म्हणे. मग मास्तर माझ्याकडे वळले — म्हणजे माझ्या कानामागे कुठेतरी. ते असंच बघतात, तिरकं. मी वर्षभर तो तोरा समजत होते.

"तुम्हाला कसं वाटलं?"

पाठीमागे मला करवत म्हणतात, ठाऊक आहे मला. आता काय कापते, याची सगळे वाट बघत होते.

"छान आहे," मी म्हटलं.

मास्तर बराच वेळ ब्रश पुसत राहिले.

सोमवार, ४ मार्च

दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासली. आमच्या धंद्याचा हा एक फायदा — डोकं दुसरीकडे असलं तरी लाल पेन आपलं आपलं चालत राहतं.

मागच्या महिन्यात मास्तरांनी मला गाडीतून घरी सोडलं होतं. शेजारी काकू. दारापर्यंत त्यांचं तोंड बंद नाही. "अगंबाई, लाल झाला एवढ्यात!" "तो सायकलवाला बघा कसा मधूनच चाललाय!" "या वळणाशी आलं की मला आमची मावशीच आठवते, डावीकडेच राहायची." घरी येऊन यांना म्हटलं होतं, बाईच्या जिभेला विश्रांती म्हणून नाही.

बडबड कसली! बाई तोंडाने गाडी चालवत होती!

मंगळवार, ५ मार्च

सोमवारी आणि गुरुवारी मास्तर काकूंना डायलिसिसला नेतात. येताना काकू मागच्या सीटवर आडव्या, ग्लानीत. मग येताना बोलतं कोण?

गुरुवार, ७ मार्च

अर्धा दिवस रजा टाकली. हॉस्पिटलसमोरच्या चौकात औषधाच्या दुकानापाशी उभी राहिले, चोरासारखी. दुकानदाराने दोनदा विचारलं, काय हवंय. शेवटी खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

साडेबाराला गाडी फाटकातून बाहेर आली. सावकाश. पुढे दुसरी गाडी असती तर तिच्या मागे ते थांबले असते बहुतेक. पुढे कुणीच नव्हतं. सिग्नल लाल. मास्तर थांबले नाहीत.

बाबागाडी ढकलत एक बाई रस्त्यात उतरली होती. तिने ती अशी काही मागे खेचली की बाबागाडी दोन चाकांवर आली! करकचून ब्रेक. हॉर्न. बाई शिव्या देत होती आणि मास्तर काचेतून रस्त्याकडेच्या खांबाकडे बघून हात जोडत होते.

ती खांबापाशी नव्हती.

मी ओरडले का? नाही. धावले का? नाही. गोळ्यांची पुडी मात्र घट्ट धरून ठेवली होती.

शुक्रवार, ८ मार्च

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "त्यांच्या मुलाला फोन कर. उद्या कुणी चाकाखाली आलं तर?"

"करते."

"एरवी कुणाच्या नाकात शेंबूड दिसला तरी चारचौघांत सांगतेस. आणि इथे दातखीळ?"

मला उत्तर सुचलं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं. हे घाबरून चहा करायला गेले.

रविवार, १० मार्च

जांभळ्याची साथ आलीय! दंतवैद्यांनी जांभळी बरणी काढली. शिंपीणबाईंनी जांभळी गाय. गाईकडे बघून मी काहीच बोलले नाही, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं नाहीये का?"

काकू नेहमीच्या कोपऱ्यात विणत बसल्या होत्या. शेजारी खुर्ची ओढली.

"काकू, नळ्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली."

सुया थांबल्या. "तरीच. मी म्हटलं, माझीच चूक झाली की काय."

"किती दिसतं त्यांना?"

"मधलं गेलंय गं. कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आता काही करता येणार नाही." मग एकदम खालच्या आवाजात, "जाताना मी असते ना शेजारी."

"आणि येताना?"

काकू विणलेले टाके मोजायला लागल्या. चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून.

"टॅक्सी करा ना."

"दहा वेळा सांगून झालं. म्हणतात, माझ्या बायकोला मी नेणार, मी आणणार. आणि मुलाला कळलं तर तो इथलं सगळं मोडून आम्हाला त्याच्या गावी घेऊन जाईल. तिथे यांना कोण मास्तर म्हणणार? तू सांगणार नाहीस ना?"

मला ती बाबागाडी दिसत होती. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्यासारखीने! शरम वाटली.

सोमवार, ११ मार्च

त्यांची फेरी. एकला फोन केला, कुणी उचलला नाही. सव्वाला नाही. दीडला काकूंनी उचलला, झोपेतल्या आवाजात. "पोचलो गं." तेव्हा डबा उघडला.

हे असं दर सोमवारी, दर गुरुवारी करायचं?

मंगळवार, १२ मार्च

लायसन्स सापडलं. कपाटात, साड्यांच्या तळाशी. अकरा वर्षांपूर्वी सोसायटीच्या गेटवर गाडी घातली, तेव्हापासून चाकाला हात लावला नाही. हे म्हणतात, ते गेट अजून लंगडतंय.

बुधवार, १३ मार्च

पहाटे मोकळ्या मैदानात दोन तास. हे शेजारी, एका हाताने दाराची मूठ धरून. "क्लच! अगं क्लच!" सात वेळा बंद पडली. आठव्यांदा नाही. उतरल्यावर यांनी गाडीभोवती एक फेरी मारून सगळे दिवे जागेवर आहेत का ते पाहिलं.

उद्या मास्तरांकडे गाडीची किल्ली मागायची. देणार नाहीत. भांडतील, मंडळ सोडतील, पुन्हा तोंड बघणार नाहीत माझं. बरं. मग मुलाला फोन. नंबर लिहून पर्समध्ये ठेवलाय.

गुरुवार, १४ मार्च

हॉस्पिटलच्या फाटकाशी हात पुढे केला. मास्तरांनी किल्ली दिली. लगेच!

काकू मागे झोपल्या, मास्तर माझ्या शेजारी ताठ. त्याच चौकात लाल लागला. मी थांबले.

"झाड हिरवं नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. जांभळं झालं होतं. नळ्या मी चुकवल्या होत्या."

"वाटलंच मला. त्याच दिवशी."

"दंतवैद्य म्हणाले म्हणून?"

"तो डागालाही धाडस म्हणतो. तुम्ही छान म्हणालात." समोर बघत होते. मग म्हणाले, "त्यानंतर तीन फेऱ्या वाट बघितली, तुम्ही किल्ली कधी मागताय याची. आपणहून देववत नव्हती."